आयरिस : लागवड फुलाची, जपणूक नावाची

फुलझाडांच्या हौसेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्यात राजेरजवाड्यांच्या उद्यानांना जितके स्थान मिळेल, त्याहून अधिक स्थान सामान्य हौशी माणसांच्या परसबागांना द्यावे लागेल. आयरिस हे फूल त्याचे बोलके उदाहरण होय. गेल्या सव्वाशे वर्षांत या फुलाचे रूप इतके पालटले की, त्याचे मूळ रानटी भाऊबंद शेजारी ठेवले तर नाते पटू नये. हा पालट घडविण्यात फार मोठा वाटा प्राध्यापक, शाळामास्तर, चित्रकार, गृहिणी अशा पोटापाण्याचा व्यवसाय निराळा असलेल्या मंडळींचा आहे. महाराष्ट्राच्या हवेत हे फूल सहजासहजी रमत नाही. तथापि, ते वाढविणाऱ्यांनी जी शिस्त स्वतःला लावून घेतली, ती आपल्याकडील गुलाब, शेवंती वा जास्वंद यांच्या हौशी बागाईतदारांनीही पाहण्याजोगी आहे.

आयरिस हे ग्रीक पुराणातील इंद्रधनुष्याच्या देवतेचे नाव. निळा, जांभळा, पिवळा, पांढरा, तपकिरी असे अनेक रंग या फुलात असल्यामुळे ते त्याला शोभते. उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण प्रदेशात या वंशाच्या सुमारे ३०० जाती आढळतात. फुलाची ठेवण मोठी मजेदार असते. तीन पाकळ्या उभ्या राहून एकमेकींकडे कलतात, तर तीन खाली झुकतात. बागेत सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या प्रकारात या झुकलेल्या पाकळ्यांवर मऊ केसांचा पट्टा असतो. त्याला दाढी म्हणतात व त्यावरून त्या गटाला दाढीवाले आयरिस असे नाव पडले आहे. काही जाती कांद्यापासून वाढतात. मात्र दाढीवाल्या गटाचे खोड हळद-आल्याप्रमाणे जमिनीलगत आडवे वाढते. आपण त्याला गड्डा म्हणू. इटलीत एका जातीचे गड्डे वाळवून सुगंधी द्रव्ये तयार करण्यासाठी वापरतात. ताज्या गड्ड्याला तो सुवास नसतो; तो प्रकट होण्यास गड्डे काही वर्षे साठवून ठेवावे लागतात. केशर आणि आपल्या फुलबाजारातील ग्लॅडिओलस हे दोघेही याच कुलातील होत.

काश्मीरचा धागा

भारतात आयरिसचे खरे घर म्हणजे पश्चिम हिमालय. काश्मीर खोऱ्यात वसंत ऋतूत कबरस्तानांतून पांढरे व फिकट जांभळे आयरिस फुललेले दिसतात. घरांच्या जुन्या पद्धतीच्या मातीच्या छपरांवरही ते वाढत असत. यांपैकी एका जातीला वनस्पतिशास्त्रात काश्मीरचेच नाव मिळालेले आहे.

ही जात जगाच्या बागांत कशी पोहोचली, याची कथा केंब्रिज विद्यापीठातील शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक सर मायकेल फॉस्टर (१८३६-१९०७) यांच्याकडे जाते. विज्ञानाच्या इतिहासात त्यांची ख्याती एक थोर शिक्षक म्हणून आहे. पण शेल्फर्ड येथील त्यांच्या बागेत दुसराच उद्योग चाले. आशियातील निरनिराळ्या भागांत राहणाऱ्या मिशनऱ्यांशी व प्रवाशांशी पत्रव्यवहार करून त्यांनी रानटी आयरिसचे गड्डे मागविले आणि त्यांचे संकर केले. युरोपातील जुन्या बागायती आयरिसच्या पेशींत २४ गुणसूत्रे असत व फुले लहान असत. तुर्कस्तानातून आलेल्या थोराड आयरिसमध्ये ती ४८ निघाली. फॉस्टर यांना या आकड्यांची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनी मोठे फूल पाहिले आणि संकर केला, एवढेच. अशा संकराच्या संततीला बी फार कमी धरते. तरीही चिकाटीच्या माणसांनी जे थोडे बी मिळाले ते रुजविले आणि त्यातून आजच्या भव्य फुलांची परंपरा सुरू झाली. फॉस्टर यांच्या मृत्यूनंतर ‘काश्मीर व्हाइट’ नावाचा त्यांचा एक पांढरा वाण प्रसिद्धीस आला. त्याच्या रक्तात काश्मीरचे आयरिस असल्याचे मानले जाते आणि पुढील काळातील अनेक पांढऱ्या वाणांच्या वंशावळीत त्याचे नाव सापडते. अमेरिकेतील एखाद्या उपनगरात आज फुलणारे शुभ्र आयरिस दूरच्या नात्याने आपल्या देशाचे असू शकते, ते असे.

फॉस्टर यांची टिपणे यथावकाश विल्यम डाइक्स या शाळामास्तरांच्या हाती आली. त्यांनी १९१३ साली आयरिस वंशावर लिहिलेला सचित्र ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. डाइक्स १९२५ साली मोटार अपघातात निवर्तले. त्यांच्या नावाचे पदक हा आयरिसच्या जगातील सर्वोच्च बहुमान समजला जातो; अमेरिकेत तो प्रथम १९२७ साली ‘सॅन फ्रान्सिस्को’ या वाणास मिळाला.

नावांचा गोंधळ

वाण वाढले तशी एक अडचण उभी राहिली. एकच आयरिस चार रोपवाटिकांत चार नावांनी विकले जाई आणि एकाच नावाखाली तीन निराळी फुले मिळत. संकर करणाऱ्याला आईबापांची खात्री नाही आणि विकत घेणाऱ्याला फुलाची नाही, अशी स्थिती झाली. २९ जानेवारी १९२० रोजी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात हौशी मंडळी, रोपवाटिकाधारक व शास्त्रज्ञ एकत्र जमले आणि अमेरिकन आयरिस सोसायटीची स्थापना झाली. जॉन विस्टर हे तिचे पहिले अध्यक्ष. फुलांची प्रदर्शने भरविणे हे काम पुढे आलेच, परंतु नावे निश्चित करणे हे संस्थेने आपले कर्तव्य मानले. १९२९ साली व पुन्हा १९३९ साली वाणांच्या मोठ्या याद्या प्रसिद्ध करण्यात आल्या आणि ही प्रथा पुढेही चालू राहिली. कांद्याचे प्रकार वगळता सर्व आयरिसच्या नावांची जागतिक नोंदणी आज हीच संस्था करते.

नोंदणीचे नियम साधे पण काटेकोर आहेत. फुलाचा रंग, उंची, बहराचा काळ आणि आईबाप ही माहिती द्यावी लागते. पालकत्व लिहिताना आईचे नाव प्रथम येते. हयात व्यक्तीचे नाव द्यावयाचे तर तिची लेखी संमती लागते. मुख्य म्हणजे ही सोय परसबागेत चार वाफे असलेल्या माणसालाही उपलब्ध आहे.

नाव हरवले म्हणजे काय होते, हे इंग्लंडमधील चित्रकार सेड्रिक मॉरिस (१८८९-१९८२) यांच्या आयरिसवरून कळते. सफोक परगण्यातील बेंटन एंड या घरी त्यांनी अनेक वर्षे संकर केले व आपल्या वाणांच्या नावाआधी बहुधा ‘बेंटन’ हा शब्द जोडला. ‘बेंटन मेनेस’ हे नाव तर त्यांच्या मांजराचे! काळाच्या ओघात हे वाण विखुरले. पुढे सारा कुक या अनुभवी उद्यानपालिकेने जुन्या बागा धुंडाळून ते एकेक करून शोधले आणि २०१५ साली चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात ते लोकांसमोर आले. रोप जिवंत असणे पुरेसे नव्हते. हे अमुकच, असे सांगता येण्यासाठी जुनी वर्णने कोणी तरी लिहून ठेवलेली असावी लागली. तीस वर्षांहून जुने वाण सांभाळण्यासाठी अमेरिकेत १९८८ पासून हौशी मंडळींची एक स्वतंत्र शाखाच काम करीत आहे.

वाफ्यातील काम

दाढीवाल्या आयरिसला दिवसाकाठी निदान सहा तास ऊन आणि पाण्याचा उत्तम निचरा हवा. थंड प्रदेशात फुलांचा बहर ओसरल्यानंतर, जुलै ते सप्टेंबर या काळात लावण करतात. गादीवाफ्यात छोटा उंचवटा करून त्यावर गड्डा ठेवावयाचा, मुळे दोन्ही बाजूंना पसरावयाची आणि माती अशी ओढावयाची की गड्ड्याची पाठ उन्हाला दिसत राहील. खोल पुरलेला गड्डा बहुधा फुलत नाही. दोन गड्ड्यांत एक ते दीड फूट अंतर पुरते. हाडांचा चुरा चालतो. ताजे शेणखत मात्र टाळावे, कारण नत्राच्या माऱ्याने पाला माजतो आणि गड्डा सडतो. आले-हळदीच्या शेतकऱ्यांना परिचित असलेली कंदकूज आयरिसचाही मोठा शत्रू आहे. गड्डा मऊ पडून घाण वास येऊ लागला तर सडका भाग घट्ट गाभा लागेपर्यंत चमच्याने खरवडून उन्हात वाळू देतात.

एक गड्डा एकदाच फुलतो. केळीचा घड उतरल्यावर त्या खोडाचे काम संपते आणि शेजारचे पिल्लू पुढे येते, तसेच हे. तीन-चार वर्षांत बुंधा दाटतो. मग तो खणून काढून, पाने पंख्याच्या आकारात आखूड कापून, नवे गड्डे वेगळे लावतात.

संकर करणे तर त्याहून सोपे. एक चिमटा असला म्हणजे झाले. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलातील किंजलाच्या ओठासारख्या कडेवर लावावयाचे आणि देठाला चिठ्ठी बांधावयाची. सुमारे दोन महिन्यांत बोंड पिकते. बियांना थंडी लागते; पुढच्या वसंतात त्या उगवतात व त्यानंतर एक-दोन वर्षांनी फूल दिसते. प्रत्येक रोप निराळे निघते. शेकडो रोपांतून एखादे ठेवावयाचे आणि उरलेली टाकून द्यावयाची, हे मन घट्ट करून करावे लागते.

येथे एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. आपोआप धरलेले बोंड तसेच राहिले तर बी बुंध्यातच गळून रुजते, आईहून वेगळे फूल तेथेच येऊ लागते आणि वाण बिघडला असा समज होतो. म्हणून जाणकार वाळलेले दांडे वेळीच कापतात. पाटीवरील अक्षरे पावसाने पुसली जातात, यास्तव वाफ्याचा नकाशाही वहीत काढून ठेवतात.

हौशी मंडळींचा परिवार

या छंदातील माणसे एकमेकांना कशी बांधली गेली, हे पाहणे उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत फिरत्या पत्रांची पद्धत विशेष रूढ होती. दहा-बारा सभासदांची पत्रे एका पाकिटातून घरोघर प्रवास करीत. पाकीट हाती आले की सर्वांची पत्रे वाचावयाची, आपले जुने पत्र काढून नवे घालावयाचे आणि पाकीट पुढे धाडावयाचे. शेतावर एकट्याने राहणाऱ्या गृहिणीला यातून संकराचे शिक्षण मिळे. स्थानिक मंडळे उन्हाळ्यात सभासदांकडील जादा गड्डे स्वस्तात विकतात, आणि नवा माणूस बहुधा तेथूनच आत येतो. वार्षिक अधिवेशनासाठी ठिकठिकाणचे गड्डे दोन वर्षे आधीच यजमान गावी पाठविले जातात, म्हणजे पाहुणे येतील तेव्हा ते फुललेले असावेत. फ्लॉरेन्स येथे १९५४ साली उभारलेल्या आयरिस उद्यानातील आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठीही असेच गड्डे देशोदेशींहून येतात. न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथील १९२७ चे प्रेस्बी स्मारक उद्यान तर मुख्यतः नागरिकांच्या श्रमांवर चालत आले आहे.

आपल्याकडे काय शक्य?

दाढीवाल्या आयरिसला हिवाळ्यात कडक थंडी लागते आणि आपला पावसाळा त्याला मानवत नाही. काश्मीर, हिमाचल येथील नातेवाइकांनी गड्डा आणून दिला तरी पुण्या-मुंबईस त्याला फूल येण्याची आशा धरू नये. मात्र नारिंगी पाकळ्यांवर तांबडे ठिपके असलेले एक फूल, ज्याच्या बोंडातून काळेभोर मणी बाहेर येतात, ते उष्णता सोसते. २००५ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची गणना आयरिस वंशातच केली. ते बियांपासून येते. ब्राझीलचे ‘चालते आयरिस’ कुंडीत व अर्धवट सावलीत वाढते. त्याचे एकेक फूल एकच दिवस टिकते, पण दांड्याच्या टोकाला पिल्लू धरते आणि ते भाराने वाकून मातीला टेकले की तेथेच मूळ धरते. याशिवाय हिवाळ्यात ग्लॅडिओलस आहेच. त्याच्या वाणांची नावेही तितकीच हरवत असतात. पुण्यातील एम्प्रेस गार्डन सांभाळणारी पश्चिम भारताची कृषी-उद्यान संस्था १८३० सालची, म्हणजे अमेरिकन आयरिस सोसायटीहून नव्वद वर्षांनी वडील आहे, आणि तेथील वार्षिक पुष्पप्रदर्शनात हौशी बागाईतदारांची गाठ पडण्याची चांगली सोय होते.

परदेशातून गड्डे वा बी मागविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना आणि पाठविणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असते. गड्ड्याबरोबर येणारी माती व कीड आपल्या शेतांना महाग पडू शकते, म्हणून टपालाच्या पाकिटातून गुपचूप गड्डा मागविण्याऐवजी मागणी नोंदविण्यापूर्वीच परवाना काढावा आणि गड्डे मातीविरहित, धुतलेले असावेत असे विक्रेत्यास स्पष्ट कळवावे.