कुलगुरू कुठे शिकतात?

विद्यापीठाचे व्हाइस-चॅन्सलर म्हणजे मराठीत कुलगुरू. खरा कारभार तेच बघतात. चॅन्सलर म्हणजे कुलपती. ब्रिटनमध्ये ते मुख्यतः पदवीदान समारंभात दिसतात!

पण हा कारभार शिकायचा कुठे? रँग्लर परांजपे यांचंच बघा. १८९९ मध्ये ते केंब्रिजला गणितात पहिल्या क्रमांकाने, म्हणजे सिनियर रँग्लर म्हणून, पास झाले. १९०२ मध्ये, अवघ्या २६व्या वर्षी, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. गणित येत होतं; पण पैसे, प्रवेश, प्राध्यापकांच्या नेमणुका? तेव्हा त्यासाठी कोर्स नव्हता. काम करता करताच शिकावं लागे. पुढे ते लखनौ आणि पुणे विद्यापीठांचे कुलगुरू झाले.

आता इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात उच्च शिक्षणाच्या व्यवस्थापनात डॉक्टरेट करता येते. पण तुम्ही शाळा संपवून थेट तिथे जाऊ शकत नाही हं! तिथले विद्यार्थी सहसा आधीच विद्यापीठात नोकरी करत असतात, आणि ती सांभाळूनच अभ्यास करतात.