एका नेटवर्क कार्डाचे चार मालक

लेखमाला : कर्नलच्या पोटात — लेखांक ९

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालं की वाटेत तामलवाडीचा टोलनाका लागतो. १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलनाक्यावरचा खरा व्यवहार खिडकीतून संगणकाकडे गेला. काचेवरचा टॅग वाचला जातो, त्याचा क्रमांक नेटवर्कवरून पुढे जातो, दांडा वर होतो. त्या संगणकात कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे हा वेगळा प्रश्न. पण त्यात नेटवर्क कार्ड आहे, आणि कार्ड आहे म्हणजे त्या कार्डाशी बोलणारा ड्रायव्हरही आहे.

गेल्या लेखांकात डिस्कचा ड्रायव्हर पाहिला. नेटवर्कचा ड्रायव्हर त्याच्यापेक्षा जास्त धावपळीचा असतो. डिस्क मागितल्यावर माहिती देते. नेटवर्कवरून पॅकेट कधी येईल, किती येतील, हे कोणीच आधी सांगत नाही. शिवाय हा ड्रायव्हर कर्नलच्या आत, पूर्ण अधिकारांसह चालतो. एखादं ॲप चुकलं तर ते बंद पडतं. ड्रायव्हर चुकला तर अख्खं यंत्र बसतं.

असा एखादा ड्रायव्हर लिहून झाला की काम संपलं, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात तिथून पुढे पंधरा-वीस वर्षांची देखभाल सुरू होते. हे समजून घ्यायला पुण्याशी नातं असलेलं एक उदाहरण उपयोगी पडेल.

नेटझेन ही क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया इथली कंपनी. तिच्या अभियंत्यांचा एक गट पुण्यात होता. एक गिगाबिट आणि दहा गिगाबिट वेगाच्या इथरनेट कार्डांसाठी ती चिप बनवत असे. २००६च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर अमित काळे यांच्या नावाने दाखल झाला आणि २००७च्या सुरुवातीला निघालेल्या २.६.२० या कर्नलमध्ये तो आला. काळे हे नाव कर्नलच्या जगाला नवं नव्हतं. चालत्या कर्नलमधले दोष शोधायच्या केजीडीबी या साधनाची देखभाल त्यांनी पुण्यातून केली होती. नेटझेनच्या ड्रायव्हरमध्ये पुढची बरीच वर्षं धनंजय फडके यांचं नाव सतत दिसत राहतं.

मग मालक बदलायला लागले. २००९ मध्ये क्यूलॉजिकने नेटझेन विकत घेतली. २०१६ मध्ये कॅव्हियमने क्यूलॉजिक घेतली आणि २०१८ मध्ये मार्व्हेलने कॅव्हियम. दरम्यान २०११ मध्ये कर्नलमधले सगळे इथरनेट ड्रायव्हर कंपनीवार कप्प्यांत लावले गेले, तेव्हा नेटझेनचा कप्पा क्यूलॉजिकच्या पोटात गेला आणि पुढची दोन खरेदी-विक्री होऊनही तिथेच राहिला. कोणत्या ड्रायव्हरची जबाबदारी कोणाकडे, हे सांगणारी मेंटेनर्स नावाची एक फाइल कर्नलमध्ये असते. तिच्यात नेटझेनच्या नोंदीपुढचे पत्ते मात्र प्रत्येक व्यवहारागणिक बदलत गेले. कार्ड तेच, सर्व्हरमधली जागाही तीच. फक्त त्याची विचारपूस कोणाकडे करायची, ते दर काही वर्षांनी बदललं.

या काळात कार्डात काही बदललं नाही, मग ड्रायव्हरमध्ये तरी काय बदलायचं होतं? पुष्कळ काही. त्यासाठी आधी ड्रायव्हर नेमकं काय करतो ते पाहू.

ड्रायव्हर सुरू होताना मेमरीत एक वर्तुळाकार यादी मांडतो. तिला रिंग म्हणतात. यादीतल्या प्रत्येक नोंदीत मेमरीतल्या एका रिकाम्या जागेचा पत्ता असतो. पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला मध्ये न घेता ते थेट त्या जागी उतरवतं. याला डीएमए म्हणतात. मग कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट देतं, म्हणजे ‘माल आलाय’ असं कळवतं. ड्रायव्हर पॅकेट उचलून कर्नलच्या वरच्या थराकडे देतो आणि रिंगमध्ये नवी रिकामी जागा भरतो.

वेग कमी होता तोवर हे ठीक चाललं. दहा गिगाबिटच्या तारेवर सगळ्यात छोटी, ६४ बाइटची पॅकेटं सलग आली तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार येतात. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. दर पॅकेटमागे एक इंटरप्ट घेतला तर प्रोसेसर इंटरप्ट घेण्यातच दमतो, पॅकेटकडे बघायला त्याला वेळच उरत नाही.

तामलवाडीच्या नाक्यावर एरवी रात्री दोनला गाडी आली की कर्मचाऱ्याला हॉर्नने जागं केलेलं चालेल. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर गाड्यांची रीघ लागलेली असताना प्रत्येकाने हॉर्न वाजवून काय होणार? त्या वेळी कर्मचाऱ्याने समोर बघत एकामागून एक गाडी सोडायची असते. लिनक्समधली नॅपी ही पद्धत नेमकं हेच करते. पहिल्या पॅकेटला इंटरप्ट घ्यायचा, लगेच पुढचे इंटरप्ट बंद करायचे आणि रिंगमध्ये जाऊन एका खेपेला सहसा ६४ पर्यंत पॅकेटं उचलायची. चौसष्टांच्या आत रिंग रिकामी झाली तर गर्दी ओसरली असं समजून इंटरप्ट पुन्हा चालू. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली आणि २.६ मालिकेच्या कर्नलमध्ये ती रुळली.

जुने ड्रायव्हर मात्र आपोआप नॅपीवर आले नाहीत. एकेक ड्रायव्हर उघडून त्याची इंटरप्टची वाट मोडून नवी बांधावी लागली. आधुनिकीकरण म्हणतात ते हेच.

लिनक्समध्ये हे काम कधीच संपत नाही, कारण कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यातला करार मुद्दामच पक्का ठेवलेला नाही. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला दिलेला शब्द कर्नल पाळतो. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजही चालावा असा त्याचा आग्रह असतो. आतल्या आत मात्र गरज पडेल तेव्हा फंक्शनं बदलतात, त्यांचे घटक वाढतात-घटतात. त्याची अट एकच : जो करार बदलेल, त्याने कर्नलमधले त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून द्यायचे. त्यामुळे कर्नलच्या आत असलेला ड्रायव्हर मूळ लेखक सोडून गेला तरी बरोबरीने पुढे सरकत राहतो. बाहेर ठेवलेला ड्रायव्हर एक-दोन आवृत्त्यांतच कंपाइल होईनासा होतो.

याचं अगदी जवळून पाहण्यासारखं उदाहरण नेटझेनच्याच ड्रायव्हरमध्ये आहे. प्रत्येक इथरनेट कार्डाला सहा बाइटचा मॅक पत्ता असतो. नेटझेनच्या ड्रायव्हरमधलं एक छोटं फंक्शन तो पत्ता कार्डातून एका मोठ्या संख्येच्या रूपात वाचतं. त्यात बाइट उलट्या क्रमाने येतात, म्हणून सहा फेऱ्यांचा एक लूप त्या सुलट्या करून कर्नलच्या रचनेतल्या पत्त्याच्या रकान्यात एकेक करून लिहीत असे. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं.

२०२१ मध्ये कर्नलच्या मुख्य भागात एक सुधारणा झाली. हजारो आभासी नेटवर्क असलेल्या यंत्रांवर पत्ता शोधायला फार वेळ लागत होता, म्हणून सगळे पत्ते एका वृक्षरचनेत ठेवायचं ठरलं. आता पंचाईत अशी, की एखाद्या ड्रायव्हरने परस्पर रकान्यात नवा पत्ता लिहिला तर वृक्षाला त्याचा पत्ताच लागणार नाही. तेव्हा यापुढे मॅक पत्ता लिहायचा तो एका ठरावीक फंक्शनमार्फतच, असा दंडक आला. जाकुब किचिन्स्की आणि इतरांनी शेकडो ड्रायव्हर पालथे घातले. नेटझेनमध्ये बदल दोन-तीन ओळींचाच झाला : सुलटा केलेला पत्ता आधी स्वतःच्या सहा बाइटच्या तात्पुरत्या जागेत ठेवायचा आणि मग त्या फंक्शनच्या हवाली करायचा. सगळे ड्रायव्हर वळले, तेव्हा २०२२ मध्ये आलेल्या ५.१७ या कर्नलमध्ये तो रकाना ‘फक्त वाचण्यासाठी’ म्हणून कुलूपबंद झाला. आता एखाद्या ड्रायव्हरने जुन्या पद्धतीने थेट लिहिलं, तर कंपायलरच त्याला अडवतो.

इतके ड्रायव्हर हाताने बदलायचे तर आयुष्य पुरणार नाही. त्यासाठी फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत ज्युलिया लोवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेलं कॉक्सिनेल हे साधन कामाला येतं. कोडचा अमुक साचा दिसला तर त्याजागी तमुक साचा घाल, असं त्याला सांगता येतं. नुसतं शब्द शोधून बदलण्यापेक्षा हे वेगळं, कारण ते सी भाषेची रचना ओळखतं. डीएमएची जुनी, पीसीआयपुरती फंक्शनं काढून सर्वसाधारण फंक्शनं आणण्याची मोहीम २०२०-२१च्या सुमारास झाली, तीही बऱ्याच अंशी अशाच साधनांच्या जोरावर.

मात्र यंत्राने बदललेला कोड कंपाइल झाला म्हणजे तो चालला असं नाही. या कामातली खरी अडचण इथे आहे. ज्याने दुरुस्ती केली त्याच्याकडे ते कार्ड असतंच असं नाही. शेकडो ड्रायव्हरना हात लावणाऱ्या माणसाने शेकडो कार्डं आणायची कुठून?

चाचणीच्या बाबतीत २००८ सालची एक घटना कर्नलवाले अजून विसरलेले नाहीत. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये २.६.२७ या कर्नलच्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्या काही जणांची इंटेलची इथरनेट कार्डं कायमची निकामी झाली. कार्डातल्या ज्या मेमरीत मॅक पत्ता आणि इतर मांडणी कोरलेली असते, तिच्यातच कचरा लिहिला गेला होता. यंत्र पुन्हा चालू करून उपयोग नव्हता. संशय साहजिकच इ-वन-थाउजंड-इ या ड्रायव्हरवर गेला. इंटेलने ती मेमरी लिहिण्यासाठी बंद ठेवण्याची तात्पुरती तजवीज केली आणि ९ ऑक्टोबरला कर्नल निघालं. खरा दोषी मात्र दुसराच निघाला. फंक्शनांचा माग काढणारी एफट्रेस ही नवी सोय, मेमरीतल्या ज्या जागा तोवर मोकळ्या होऊन गेल्या होत्या, तिथे नंतरही लिहीत होती. त्यातलीच एखादी जागा कार्डाच्या मेमरीला दिली गेली की एफट्रेसचं लिखाण थेट कार्डावर उमटे. आठवड्याभरात निघालेल्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा तो भागच बंद केला गेला. ड्रायव्हरच्या एकाही ओळीची चूक नसताना हार्डवेअर गेलं होतं.

म्हणूनच ज्याची चाचणी घ्यायला कोणीच उरलं नाही, असा ड्रायव्हर ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न वारंवार येतो. ठेवला तर दर मोहिमेत त्याला हात लावावा लागतो, त्यातल्या जुन्या चुका सुरक्षेच्या दृष्टीने घातक ठरू शकतात. काढला तर कुठल्यातरी कारखान्यातलं एखादं जुनं यंत्र नव्या कर्नलवर येऊ शकत नाही. टोकन रिंग या जुन्या नेटवर्क पद्धतीचे ड्रायव्हर २०१२ मध्ये गेले, वायमॅक्सचे २०२१ मध्ये. नेटझेनचाच शेजारी असलेला, क्यूलॉजिकचा क्यूएलजीई हा दहा गिगाबिटचा ड्रायव्हर तर २०१९ मध्ये मुख्य कप्प्यातून ‘स्टेजिंग’ या दुरुस्तीच्या विभागात गेला. तिथे चार वर्षं साफसफाई झाली, पण त्याला घरी न्यायला कोणी आलं नाही. २०२३ मध्ये तो काढून टाकला.

नेटझेनचा गट जिथे होता, त्याच पुण्यात याहून अगदी वेगळा मार्गही चोखाळला गेला आहे. सी-डॅकने २००८ मध्ये परम युवा हा महासंगणक उभारला, तेव्हा त्यासाठी परमनेट-३ हे स्वतःचं नेटवर्क घडवलं. कार्डावरची जेमिनी ही चिप, ४८ पोर्टचा अन्वय हा स्विच आणि वर क्षिप्रा हा हलका प्रोटोकॉल. कार्ड, स्विच, सॉफ्टवेअर सगळं एकाच संस्थेच्या हातात. महासंगणकासारख्या ठिकाणी हे जमतं, कारण यंत्र एकच, जागा ठरलेली आणि अभियंते त्याच इमारतीत. बाजारात विकल्या गेलेल्या कार्डाचं तसं नसतं. ते कुठे, कोणत्या सर्व्हरमध्ये, किती वर्षं चालेल हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अशा कार्डाच्या ड्रायव्हरला कर्नलच्या आत जागा मिळवणं, हाच त्याला दीर्घायुष्य देण्याचा आजवर सिद्ध झालेला उपाय आहे. नेटझेन या नावाची कंपनी उरली नाही. तिचा ड्रायव्हर मात्र तिच्यामागे कितीतरी वर्षं नव्या कर्नलमध्ये कंपाइल होत राहिला.

आता काही नवे तुकडे रस्ट या भाषेतही येऊ लागले आहेत. मेमरीच्या ज्या चुका सी भाषेत सहज निसटतात, त्या रस्टचा कंपायलर आधीच पकडतो. २०२४ मध्ये आलेल्या ६.८ या कर्नलमध्ये फुजिता तोमोनोरी यांनी लिहिलेला एका इथरनेट चिपचा छोटा ड्रायव्हर रस्टमध्ये आला. म्हणून सीमधले सगळे जुने ड्रायव्हर पुन्हा लिहिले जातील असं मात्र नाही; त्यासाठीही पुन्हा तीच कार्डं हाताशी लागतील.

तुळजापूर, सोलापूर, धाराशिवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना या कामात शिरायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. भंगारात निघालेल्या सर्व्हरमधलं एखादं जुनं नेटवर्क कार्ड काढून ठेवावं. मेंटेनर्स फाइलमध्ये त्याच्या ड्रायव्हरपुढे ‘ऑर्फन’ म्हणजे अनाथ किंवा ‘ऑड फिक्सेस’ असा शेरा आहे का, ते पाहावं. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवं कर्नल निघतं. त्याच्या चाचणी आवृत्तीवर ते कार्ड लावून चालतं का, एवढं तपासून कळवलं तरी दूर कुठेतरी बसलेल्या मेंटेनरला ते हवंच असतं. पॅच लिहिणं त्यानंतरचं.

पुढच्या आठवड्यात वायफायचे ड्रायव्हर, आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या, ज्यांचा कोड कोणीच दाखवत नाही अशा फर्मवेअरच्या फाइली.