ओठावरचा फोड पुन्हा पुन्हा का येतो?

जयपूरमध्ये मकर संक्रांतीला सारे शहर गच्चीवर असते. दिवसभर डोक्यावर ऊन, हातात मांजा. दोन-चार दिवसांनी कुणाच्या तरी ओठाच्या कडेला चुणचुण सुरू होते आणि पाण्याने भरलेले बारीक फोड उठतात. ‘उष्णता वाढली’ म्हणून आपण सोडून देतो. खरे कारण आहे हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू.

तो बहुतेकांना लहानपणीच गाठतो. फोड बरा झाला तरी विषाणू जात नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत तो झोपून राहतो. मग त्याला जागे कोण करते?

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात याचा शोध उंदरांवर घेतला. उंदराच्या कानाला संसर्ग देऊन तो बरा होऊ दिला. नंतर त्याच कानावर अतिनील किरण सोडले किंवा चिकटपट्टी लावून ओढून काढली. काही उंदरांच्या कानात विषाणू परत आला. त्यांतही प्रत्येकाला फोड आला नाही. म्हणजे विषाणू जागा होणे आणि फोड उठणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्वचेला झालेली साधी इजाही निमित्त ठरू शकते.

माणसांत ही निमित्ते ओळखीची आहेत: कडक ऊन, ताप, थकवा, मानसिक ताण, मासिक पाळी, ओठाला लागलेला मार. तुमचे निमित्त कोणते, ते टिपून ठेवा. उन्हात जाताना टोपी घाला, ओठांना एसपीएफ ३० असलेला लिप बाम लावा. चुणचुण जाणवताच डॉक्टरांना विचारा. विषाणूविरोधी औषध लवकर सुरू केल्यास जास्त उपयोगी पडते.

फोड असताना सर्वात महत्त्वाचे म्हणजे तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नका. नवजात बाळाला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. फोडाला हात लागला तर साबणाने धुवा, तो हात डोळ्यांना लावू नका. टॉवेल आणि पेला वेगळा ठेवा. डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि हो, कमरेवर पट्ट्यासारखी उठणारी नागीण वेगळी. तिचा विषाणू कांजिण्यांचा.

पुढच्या संक्रांतीला पतंग जरूर उडवा. फक्त मांजासोबत टोपी आणि लिप बामही गच्चीवर न्या.