दुसऱ्या मांडीतली सुई कशासाठी?

लसीकरणाच्या दिवशी दीड महिन्याचे बाळ घेऊन आलेल्या आया आम्हाला हमखास विचारतात, "ताई, पेंटाची सुई एका मांडीत दिली, मग दुसऱ्या मांडीत परत कशाला?" ती दुसरी सुई पीसीव्हीची. न्यूमोकोकस नावाच्या जंतूविरुद्धची. लहान मुलांच्या जीवघेण्या न्यूमोनियाचे हा जंतू एक मोठे कारण आहे. खाजगी दवाखान्यात हीच लस हजारो रुपयांना मिळत होती, तेव्हा आपल्या वस्तीतल्या किती बाळांना ती मिळाली असेल?

या जंतूभोवती साखरेच्या जातीच्या पदार्थाचे कवच असते. अशी शंभराहून अधिक प्रकारची कवचे सापडली आहेत. लस शरीराला कवच ओळखायला शिकवते, पण एका लशीत त्यातली थोडीच बसतात. म्हणून आपल्या देशातला जंतू कोणते कवच घालून फिरतो, हे आधी कळावे लागते.

नुसते कवच पाहून भागत नाही. अमेरिकेत २००० साली सात कवचांची लस आली. आजार खूप घटला, पण त्या लशीत नसलेले १९ए कवच वाढले. जनुके तपासल्यावर दिसले की त्यातल्या काही जंतूंनी आपले ४ नंबरचे कवच टाकून १९ए पांघरले होते. अंग तेच, झूल बदललेली! हे ओळखायचे तर जंतूची सगळी जनुके, सुमारे वीस लाख अक्षरे, वाचावी लागतात. यालाच जिनोम सिक्वेन्सिंग म्हणतात. कोणते अँटिबायोटिक त्या जंतूवर चालणार नाही, याचा अंदाजही त्यातूनच येतो.

भारतात ही लस २०१७ पासून हिमाचल, बिहार, उत्तर प्रदेशात टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर आली. त्याआधीचे भारतीय जंतू बंगळुरूच्या केम्पेगौडा वैद्यकीय संस्थेने एका जागतिक प्रकल्पात वाचले. ही आधीची नोंद असली तरच पुढे जंतूने झूल बदलली का, ते समजेल. पुण्यात बनणाऱ्या दहा कवचांच्या लशीत १९ए आहे.

पण जंतू मिळतो रक्ताच्या तपासणीतून. गल्लीतल्या डॉक्टरकडे चार दिवस अँटिबायोटिक घेऊन बाळ मोठ्या हॉस्पिटलात पोचते, तेव्हा रक्तात जंतू बहुधा उगवतच नाही. म्हणजे आपल्या मुलांचा जंतू या नोंदीत येणेच अवघड. हे आम्हाला खुपते. बाळाचा श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे औषधाआधी रक्त घेतले तर "एवढंसं बाळ, कशाला रक्त काढता" म्हणून अडवू नका. बाळ अत्यवस्थ असेल तर डॉक्टर औषध आधी देतील, तेही बरोबरच.

पीसीव्हीचे डोस तीन : दीड महिना, साडेतीन महिने, आणि नऊ महिन्यांना गोवराच्या लशीसोबत बूस्टर. हा शेवटचा डोसच बरेच जण विसरतात. कार्ड आजच काढून पाहा.