डेटाबेस फाइल-बिघाड, बहुधागी आज्ञावलीतील
अनेक धागे एकाच वेळी चालविणाऱ्या आज्ञावलीत डेटाबेसच्या फाइलीची अंतर्गत रचना भंग पावणे, या स्थितीस डेटाबेस फाइल-बिघाड म्हणतात. धागा म्हणजे एका आज्ञावलीच्या अंतर्गत स्वतंत्रपणे पुढे सरकणारा आज्ञांचा क्रम होय. सर्व धाग्यांची स्मृती व उघडलेल्या फाइली समाईक असतात. बहुधागी रचनेची सोय यातच आहे व धोकाही यातच आहे.

नागरी सेवांच्या संगणकीकरणात कल्याण-डोंबिवली महानगरपालिका (स्थापना १९८३) महाराष्ट्रात अग्रेसर राहिली व तिचा नमुना पुढे राज्यातील अन्य नगरसंस्थांनी स्वीकारला. अशा प्रकारच्या एखाद्या नागरी सुविधा केंद्राची कल्पना केल्यास हा विषय स्पष्ट होतो. दोन खिडक्यांवरून एकाच मालमत्तेचा कर भरला जात आहे व दोन धाग्यांनी तिची थकबाकी एकाच क्षणी वाचून आपापली वजाबाकी लिहिली, तर एक भरणा नाहीसा होतो. ही नोंदीतील चूक होय; फाइल शाबूत असते. बिघाडात मात्र फाइलीची पृष्ठे, सूची व त्यांना जोडणारे दर्शक यांचाच मेळ तुटतो आणि त्या खात्याशी संबंध नसलेल्या नागरिकांच्या नोंदीही वाचता येत नाहीत. हे दोन दोष एकच मानल्याने पुष्कळदा शोध भरकटतो.

समाईक साधन एका वेळी एकाच धाग्याच्या हाती राहावे म्हणून कुलपे वापरतात. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांनी सुचविलेल्या अशा एका साधनाला सेमाफोर हे रेल्वेच्या हाताच्या सिग्नलचे नाव आहे. एका गाडीने व्यापलेला मार्गखंड दुसरीस द्यावयाचा नाही, हे त्यामागील तत्त्व ठाणे-कल्याण मार्गावरील प्रवाशांस वेगळे समजावून द्यावे लागू नये.

बिघाडाची कारणे एसक्यूलाइट या डेटाबेसच्या बाबतीत चांगली अभ्यासली गेली आहेत. त्याचे अंतर्गत कुलूप बंद ठेवून एकच जोडणी अनेक धाग्यांनी वापरणे, हे उघड कारण. युनिक्स वर्गातील प्रणालींत याहून फसवे कारण आढळते. तेथे फाइलीवरील नेहमीचे कुलूप धाग्याचे नसून संपूर्ण प्रक्रियेचे असते. एखाद्या धाग्याने, समजा प्रत काढण्यासाठी, तीच फाइल स्वतंत्रपणे उघडून बंद केली, तर प्रक्रियेची त्या फाइलीवरील सर्व कुलपे सुटतात. तिसरे कारण फाइलीच्या क्रमांकाचे. एका धाग्याने बंद केलेल्या फाइलीचा क्रमांक नंतर डेटाबेसला मिळतो. दुसरा धागा जुन्या समजुतीने त्याच क्रमांकावर लिहीत राहतो. फॉसिल या आज्ञावलीच्या भांडाराची फाइल ३० ऑगस्ट २०१३च्या सुमारास जवळजवळ अशीच बिघडली : त्रुटिसंदेशांसाठी राखीव असलेला २ हा क्रमांक चुकीने बंद होऊन डेटाबेसकडे गेला व पुढे एक त्रुटिसंदेश थेट त्या फाइलीत लिहिला गेला.

म्हणूनच बिघाड ज्या धाग्यात उघडकीस येतो, तोच दोषी असतो असे नाही. प्रथम सर्व लेखन थांबवून फाइलीची, तिच्या सोबतच्या जर्नल फाइलीसह, प्रत काढावी. अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेण्याचा तपशील जर्नलमध्ये असतो. निरुपयोगी समजून ती पुसणे हे स्वतःच बिघाडाचे कारण ठरते. पुढील तपासणी प्रतीवरच करावी. अखंडतेच्या चाचणीने बिघडलेली पृष्ठे कळतात. त्यांतील मजकूर पाहणे अधिक उद्बोधक असते. तेथे त्रुटिसंदेश किंवा जालावरून आलेली अक्षरे दिसल्यास क्रमांकाच्या गोंधळाचा संशय घ्यावा. पृष्ठे स्वतंत्रपणे ठीक पण परस्परांशी विसंगत असल्यास कुलपांकडे वळावे; मात्र वीज जाण्याने किंवा चकतीच्या दोषानेही असेच चित्र दिसू शकते.

बिघडलेल्या फाइलीतून काही नोंदी काढता येतात. परंतु त्यांतील रकमा पडताळल्यावाचून ग्राह्य धरू नयेत. शक्यतो अखेरची निर्दोष प्रत पुन्हा बसवितात. त्या प्रतीनंतरचे भरणे कार्यालयातील पावत्यांच्या स्थळप्रतींवरून पुन्हा नोंदवावे लागतात.