शिशूंसाठी सुरक्षित संगणकक्रीडा : स्वरूप, मर्यादा आणि मराठी अक्षराचा प्रश्न
(विशेष संदर्भ : सिंधुदुर्ग जिल्हा)

प्रस्तावना :

संगणक हे मूलतः प्रौढांच्या कामाचे साधन होय. तथापि तो घरात आल्यापासून मांडीवरचे मूलही त्याच्या कळफलकाकडे झेपावू लागले. मोठी माणसे ज्या वस्तूत रमतात त्या वस्तूचे बालकाला आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. या आकर्षणातून पालकांपुढे 'मुलाला संगणकाला हात लावू द्यावा की नाही?' हा प्रश्न उभा राहिला आणि त्यावर उपाय म्हणून शिशूंसाठी खास सॉफ्टवेअर तयार झाली. त्यांचे वर्णन सामान्यतः 'सुरक्षित' या एकाच शब्दाने केले जाते. परंतु ही सुरक्षितता नेमकी कोणाची, याचा विचार क्वचितच होतो. मुलापासून संगणकाची, संगणकावरील आशयापासून मुलाची आणि पडद्यापासून मुलाच्या वाढीची, अशा तीन सुरक्षितता येथे गुंतलेल्या आहेत. त्यांपैकी कोणती सॉफ्टवेअरमुळे साध्य होते व कोणती होत नाही, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. सिंधुदुर्गाची पार्श्वभूमी :

मुले आणि संगणक या विषयाच्या चर्चेत सिंधुदुर्ग जिल्ह्याला विशेष स्थान आहे. एनआयआयटी या संस्थेतील डॉ. सुगत मित्रा यांनी २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीतील कालकाजी येथे एका भिंतीत संगणक बसवून तो वस्तीतील मुलांना खुला केला. 'होल इन द वॉल' या नावाने हा प्रयोग जगभर परिचित झाला. पुढे ग्रामीण भारतात त्याचा विस्तार झाला, तेव्हा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गावांचाही त्यात समावेश होता. या उपक्रमातील ग्रामीण केंद्रांवर आधारित परिमला इनामदार यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणी न शिकवता, परस्परांच्या साहाय्याने मुले संगणक कौशल्ये कशी आत्मसात करतात, हे त्यात मांडले आहे.

या केंद्रांची रचना लक्षणीय होती. पडद्याची उंची मुलांच्या उंचीला अनुरूप होती. कळफलकावरील आच्छादन असे होते की लहान हात सहज आत जावेत, मोठ्या माणसाला मात्र ते अडचणीचे व्हावे. साधनाची रचनाच राखणदाराचे काम करू शकते, हे तत्त्व येथे दिसते.

परंतु हा अनुभव शिशूंना जसाच्या तसा लागू करता येत नाही. भिंतीतील संगणकाशी खेळणारी मुले शाळकरी वयाची होती. ती चूक करीत, चुकीचा परिणाम पाहत आणि त्यावरून शिकत. एक-दोन वर्षांचे मूल पडद्यावरील सूचना वाचू शकत नाही. ते तळहाताने एकाच वेळी दहा कळा दाबते. शाळकरी मुलाला चुकण्याचे स्वातंत्र्य हवे असते, तर शिशूला जेथे चूक संभवतच नाही असे क्षेत्र हवे असते.

२. शिशूचा हात आणि संगणकाची आज्ञा :

संगणकाच्या दृष्टीने दाबलेली प्रत्येक कळ ही आज्ञा असते. ती कोणी व कोणत्या हेतूने दिली हे त्याला कळत नाही. डिलीट कळीने निवडलेली फाईल जाते; विंडोज कळीने चालू काम मागे पडते; शिफ्ट कळ लागोपाठ पाच वेळा दाबल्यास विंडोज प्रणालीत एक अनपेक्षित चौकट उघडते. मूल केवळ 'मी दाबले की काहीतरी घडते' हे अनुभवत असते. ज्याँ पियाजे यांनी बालकाच्या पहिल्या दोन वर्षांना संवेदन-कारक अवस्था म्हटले आहे. कृती आणि परिणाम यांचा संबंध पुन्हापुन्हा पडताळून पाहणे हे या अवस्थेचे वैशिष्ट्य होय. खुळखुळा वाजवणारे मूल आणि कळा बडवणारे मूल एकच काम करीत असते.

शिशू सॉफ्टवेअरचे मर्म यातच आहे. ते कळीचा स्पर्श आणि कळीची आज्ञा यांची फारकत करते. कळ दाबल्याची वार्ता अन्य प्रोग्रॅमपर्यंत पोहोचण्यापूर्वीच ते ती अडवते आणि तिच्या जागी अक्षर, आकृती किंवा ध्वनी देते. पडदा पूर्ण व्यापल्यामुळे मागचे काम मुलाच्या हाताबाहेर राहते. मात्र कंट्रोल, आल्ट व डिलीट या तीन कळांचा संयोग विंडोजने स्वतःकडे राखून ठेवलेला आहे. सामान्य सॉफ्टवेअर तो अडवू शकत नाही. संगणकाचे बंद करण्याचे बटणही मुलाच्या हाताशी असतेच. म्हणजेच पहिली सुरक्षितता बऱ्याच अंशी साध्य होते, पूर्णांशाने नव्हे.

३. काही प्रातिनिधिक सॉफ्टवेअर :

बेबीस्मॅश : स्कॉट हॅन्सेलमन यांनी २००८ मध्ये विंडोजसाठी हे तयार केले. मॅक संगणकावरील अल्फाबेबी हे त्याचे प्रेरणास्थान होते. कोणतीही कळ दाबली तरी पडद्यावर रंगीत अक्षर वा आकृती उमटते.

बॅमबॅम : लिनक्सवरील हे सॉफ्टवेअर त्याच धर्तीचे आहे. 'क्विट' या इंग्रजी शब्दाची अक्षरे क्रमाने टंकित केल्यावरच ते बंद होते. मोठ्यांना सोपी व शिशूला जवळजवळ अशक्य अशी ही कडी आहे.

टक्स पेंट : बिल केंड्रिक यांचे हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर २००२ पासून उपलब्ध असून ते तीन वर्षांपुढील मुलांसाठी आहे. येथे चित्र जतन करताना फाईलचे नाव द्यावे लागत नाही. जुनी चित्रे छोट्या प्रतिमांच्या रूपात समोर येतात. त्यामुळे संगणकावरील अन्य फाईलींशी मुलाचा संबंधच येत नाही. याच्या भाषांच्या यादीत मराठीचा समावेश आहे, ही समाधानाची बाब होय.

जीकॉम्प्री : ब्रूनो कूदॅं यांनी २००० मध्ये आरंभलेला हा शैक्षणिक खेळांचा संच दोन ते दहा या वयोगटासाठी आहे. 'मला समजले' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरील श्लेषातून त्याचे नाव आले.

टक्स पेंट व जीकॉम्प्री ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर असल्याने ती विनामूल्य वापरता येतात. इंटरनेट नसतानाही ती चालतात. त्यामुळे अनाहूत जाहिराती वा दृश्ये मुलासमोर येण्याचा धोका उरत नाही. दुसरी सुरक्षितता ही अशा बंदिस्तपणातून येते. आज शिशूच्या हाती संगणकापेक्षा मोबाईल अधिक वेळा पडतो. तेथे आयफोनमधील 'गायडेड ॲक्सेस' किंवा अँड्रॉइडमधील 'स्क्रीन पिनिंग' या सोयींनी मुलाला एकाच ॲपपुरते मर्यादित ठेवता येते. परंतु ते ॲपच जाहिरातींनी भरलेले असेल तर हे कुंपण निरुपयोगी ठरते.

४. मराठी अक्षराचा प्रश्न :

मार्क वॉर्शाउर यांनी २००२ मध्ये दिल्लीतील प्रयोगाची चिकित्सा करताना स्थानिक भाषेतील आशयाच्या अभावाकडे लक्ष वेधले होते. शिशू सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही उणीव अधिक मूलगामी आहे. ही सॉफ्टवेअर 'एक कळ, एक अक्षर' या रोमन लिपीच्या गृहीतकावर उभी आहेत. देवनागरीत हे गृहीतक टिकत नाही.

भारतीय भाषांसाठी प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर वरच्या दोन ओळींत डावीकडे स्वरचिन्हे व उजवीकडे व्यंजने आहेत. मुलाने डावीकडची कळ दाबली तर पडद्यावर सुटा काना किंवा सुटी वेलांटी उमटते आणि तिच्याशेजारी बहुधा ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ दिसते. ते अक्षरही नव्हे आणि त्याला स्वतंत्र उच्चारही नाही. 'अ' आणि 'ळ' ही अक्षरे तर शिफ्ट कळ धरल्याशिवाय मिळतच नाहीत. वर्णमालेचे पहिले अक्षर आणि 'बाळ' या शब्दातले अखेरचे अक्षर, दोन्ही शिशूच्या हाताबाहेर राहतात.

म्हणून केवळ मेनूचे भाषांतर पुरेसे नाही. मराठी शिशूसाठी कळांची स्वतंत्र जुळणी करावी लागेल. तीत प्रत्येक कळीला पूर्ण अक्षर, त्याचा मानवी आवाजातील उच्चार आणि परिचित चित्र असावे. मालवण किनाऱ्यावरील मुलासाठी 'ह'ला होडी, 'म'ला माड आणि 'ख'ला खेकडा ही चित्रे सहज सुचणारी आहेत. घरात मालवणी ऐकणाऱ्या मुलाला तिचेही शब्द मिळावेत. हे काम महाविद्यालयांतील संगणकशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे आहे.

५. सॉफ्टवेअरपलीकडील सुरक्षितता :

तिसरी सुरक्षितता कोणतेही सॉफ्टवेअर देऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा दिवसाला एक तासापर्यंत ठेवावी, तीही कमी असल्यास उत्तम, असे सुचवले. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही याच आशयाच्या आहेत. नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ संवाद मात्र त्यांनी दोन वर्षांखालील मुलांसाठीही मान्य केला आहे. मुंबईत चाकरमानी असलेल्या आप्तांची गावच्या मुलाशी भेट घडवणाऱ्या कोकणातील घरांना ही सवलत महत्त्वाची वाटेल. यावरून एक विसंगती स्पष्ट होते. कळा बडवण्याची हौस ज्या वयात सर्वाधिक असते, त्याच वयात पडदा वर्ज्य मानला आहे. अशा वेळी संगणकापासून सोडवलेला, स्वच्छ केलेला व सुट्या कळा नसलेला जुना कळफलक मुलापुढे ठेवणे हा साधा पर्याय उरतो.

मुलाच्या मापाचे व त्याच्या हाताळणीस खुले असे वातावरण सिद्ध करावे, हा माँटेसोरी विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे तो परिसरातील साध्या वस्तूंच्या आधारे ग्रामीण बालकांपर्यंत नेला. शिंपले, बिया आणि पाने ही साधने सिंधुदुर्गातील अंगणवाडीच्या दारातच आहेत. शिवाय वाळूत हात घालणाऱ्या मुलाशी जवळचे माणूस बोलत असते, तर पडद्यापुढे बसवलेले मूल पुष्कळदा एकटे सोडले जाते. भाषा मात्र या बोलण्यातूनच येते.

निष्कर्ष :

१. शिशू सॉफ्टवेअर संगणकावरील कामाचे मुलापासून चांगले, परंतु अपूर्ण संरक्षण करते.

२. अयोग्य आशयापासून मुलाचे संरक्षण इंटरनेटविरहित व जाहिरातमुक्त सॉफ्टवेअर निवडल्यासच होते.

३. मुलाच्या वाढीचे व भाषेचे संरक्षण सॉफ्टवेअरच्या कक्षेत येत नाही. ते शेजारी बसलेल्या माणसाचे काम आहे.

४. देवनागरीच्या प्रकृतीला अनुसरून केलेली अक्षरजुळणी ही मराठी शिशू सॉफ्टवेअरची पहिली गरज आहे.

सिंधुदुर्गातील शाळकरी मुले कोणी न शिकवता संगणक शिकू शकली, हा त्या प्रयोगाचा मोलाचा धडा होय. परंतु त्यावरून शिशूलाही संगणकापाशी एकटे सोडावे असा अर्थ काढणे उचित ठरणार नाही. या वयात साधन दुय्यम आणि सोबत प्रधान असते.