रोनाल्डो आला नाही, म्हणून काय झालं?

दिवाळी पाडव्याची संध्याकाळ. सौ. ओवाळणीचं ताट घेऊन उभी आणि मी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेलो. "निरांजन विझायला आलंय," असं तिनं दोनदा सांगून झालं होतं. शेजारी आमचे चिरंजीव, वय वर्षे तेरा, अंगात वापीच्या बाजारातून आणलेली पिवळी सात नंबरची जर्सी आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. कारण रोनाल्डो आलाच नव्हता.

२२ ऑक्टोबर २०२५ ची ही गोष्ट. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवा विरुद्ध सौदी अरेबियाचा अल नस्र असा आशियाई स्पर्धेचा सामना होता. ऑगस्टमध्ये सोडत निघाली आणि रोनाल्डोच्या संघाचं नाव गोव्याच्या गटात आलं, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. गोव्याला जायचं, तिकीट काढायचं, काकांकडे उतरायचं, सगळे बेत ठरले होते. आणि शेवटी बातमी आली की साहेब प्रवासच करणार नाहीत. त्यांचा संघ आला, ते आले नाहीत.

अल नस्रनं पहिल्या अर्ध्या तासात दोन गोल मारले. मुलानं मोबाइल बाजूला सारला. आणि मग पहिला हाफ संपता संपता गोव्याच्या एका पोरानं गोल मारला. फातोर्ड्यात जो आवाज उठला तो ऐकून सौ.सुद्धा ताट खाली ठेवून वाकून बघायला लागली. चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, हा कोण?"

तो ब्रायसन फर्नांडिस. गोव्याचाच. सामना २-१ असा हरलो, पण युरोपातले नावाजलेले खेळाडू विकत घेणाऱ्या संघाविरुद्ध हा मुलगा आपल्या मैदानावर, आपल्या लोकांसमोर गोल करून गेला. रोनाल्डो सकाळी न्याहारीला काय खातो हे माझ्या मुलाला पाठ आहे. ब्रायसनचं नाव मात्र त्यानं कधी ऐकलं नव्हतं. दोष त्याचा नाही. मला ते नाव माहीत होतं, पण त्याला सांगावं असं कधी सुचलं नाही. हा लेख तिथून सुचला.

मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरीनिमित्त सिल्वासाला आलो आणि किलवणी रस्त्यावर घर केलं त्याला आता बरीच वर्षं झाली. आपल्या या भागातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही तिथल्या संघांची नावं. मुळात कुस्तीच्या तालमी, पण त्यांचेच फुटबॉल संघ. अण्णा मला सायकलच्या दांडीवर बसवून शाहू स्टेडियमला न्यायचे. "आरं, पास दे की लेका!" असं ओरडणारा माणूस आणि ज्याला ओरडायचं तो खेळाडू, दोघं एकाच गल्लीत राहायचे. संध्याकाळी त्याच खेळाडूकडून अण्णा दूध घ्यायचे आणि दुपारी चुकवलेल्या गोलाचा हिशेबही मागायचे.

पुढे टीव्हीवर परदेशी फुटबॉल दिसू लागला. १९९८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदाननं ब्राझीलला डोक्यानं दोन गोल मारले त्या रात्री मी शेजाऱ्यांच्या घरी जागा होतो. खोटं कशाला बोलू, त्यानंतर शाहू स्टेडियमवरचा खेळ मला हळू वाटायला लागला. एकदा डोळ्यांना ती चटक लागली की गल्लीतला खेळाडू फिका पडतो. आजच्या मुलांना नावं ठेवताना आपण हे विसरतो.

आमच्या स्टाफरूममध्ये फुटबॉलचे तीन-चार शौकीन आहेत. सोमवारी सकाळी इंग्लंडमधल्या सामन्यांची चिरफाड झाल्याशिवाय चहा गोड लागत नाही. एक सहकारी नेहमी म्हणतात, "सर, आता खेळ उरला नाही. सगळे भाडोत्री. ज्याची थैली मोठी त्याच्याकडे पळतात." २०१७ मध्ये नेमारसाठी पॅरिसच्या क्लबनं बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो मोजले, तेव्हापासून त्यांचं हे पालुपद आहे. रोनाल्डो सौदीला गेला, मेस्सी अमेरिकेत मायामीला गेला, की त्यांना आणखी चेव येतो.

नव्या खेळाडूंचं सगळंच मला आवडतं असं नाही. २०१८ च्या विश्वचषकात नेमार ज्या तऱ्हेनं मैदानावर लोळला ते पाहून मला आमच्या तालमीतले वस्ताद आठवले. त्यांनी त्याला कान धरून उठवला असता. पुढे असलेल्या संघानं पाच मिनिटं शिल्लक असताना एकेक करून पाय धरून बसायचं, पंचाला दहा जणांनी घेराव घालायचा, हे पाहिलं की चीड येते. व्हिडिओ पंच आल्यापासून तर गोल झाला तरी उडी मारायची की थांबायचं हेच कळत नाही.

पण 'भाडोत्री' हा शब्द मला मान्य नाही. इंग्लंडमध्ये १९६१ च्या जानेवारीपर्यंत फुटबॉलपटूला आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड द्यायचे असा नियम होता. स्टेडियम भरून वाहायचं, तिकिटांचा पैसा मालकांच्या खिशात जायचा आणि ज्याचे पाय तो पैसा मिळवायचे त्याला २० पौंड. खेळाडूंनी संपाची धमकी दिली तेव्हा ती मर्यादा उठली. त्यानंतरही युरोपात करार संपला तरी जुना क्लब खेळाडूला अडवून पैसे मागू शकत असे. बोस्मान नावाचा एक साधा बेल्जियन खेळाडू त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि १९९५ च्या डिसेंबरात जिंकला. त्याचा फायदा हजारो खेळाडूंना झाला, त्याची स्वतःची कारकीर्द मात्र त्यात संपली. आपण प्राध्यापक मंडळी वेतन आयोगाची थकबाकी मिळेपर्यंत स्वस्थ बसत नाही. मग ज्याची कमाई दहा-बारा वर्षांचीच, ज्याचा एक गुडघा गेला की दुकान बंद, त्यानं चार पैसे जास्त देणाऱ्याकडे जाऊ नये असं आपण कोणत्या तोंडानं सांगायचं?

आणि आपल्याकडचं चित्र तर नेमकं उलट आहे. इथे खेळाडू क्लब सोडून पळत नाहीत, क्लबच खेळाडूंच्या पायाखालून निघून जातात.

पूर्वी मुंबईत चांगला फुटबॉलपटू रेल्वेत, एअर इंडियात, आरसीएफमध्ये किंवा बँकेत नोकरीला लागायचा. पगार बेताचा, पण गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची शाबूत. मग व्यावसायिक क्लब आले. महिंद्र युनायटेडनं डेरिक परेरा या गोव्याच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीनं संघ गुंडाळला. २०१६ मध्ये गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तीन संघ महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून आय-लीगमधून बाहेर पडले. एकट्या धेंपोनं पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं होतं. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघानं घेतली. मँचेस्टर सिटीच्या मालकांनी २०१९ मध्ये मुंबई सिटीत मोठा हिस्सा घेतला तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. २०२५ च्या डिसेंबरात तेही निघून गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्या करारावरून इंडियन सुपर लीगच स्थगित झाली आणि नेहमीच्या वेळी हंगाम सुरूच झाला नाही. काही क्लबांनी सराव थांबवला.

याच घोळात आपली माणसं उभी असतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या बालेवाडीत क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात दिल्लीत भारताकडून खेळला. मुंबईच्या राहुल भेके या बचावपटूनं १७ मार्च २०१९ ला अंधेरीत, जादा वेळ संपायला तीन मिनिटं असताना, डोक्यानं गोल मारून बंगळुरूला सुपर लीग जिंकून दिली. पुढे ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये त्याच्याच गोलनं मुंबई सिटीनं इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा मँचेस्टर युनायटेडच्या राखीव गोलरक्षकांचीही नावं तोंडपाठ असलेले आमचे सहकारी म्हणाले, "भेके? आपला मराठी?"

आता थोडं माझ्याबद्दल, कारण नुसतं दुसऱ्यांना बोलून भागणार नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात खानवेलकडचा एक आदिवासी मुलगा होता. डावखुऱ्या पायाचा, बारीक चणीचा, आणि सगळे म्हणायचे की चेंडू त्याच्या पायाला चिकटतो. मुंबईच्या एका क्लबच्या निवड चाचणीला त्याला बोलावणं आलं. त्याच आठवड्यात इथल्या एका धाग्याच्या कारखान्यात कायमची नोकरी मिळण्याची संधी होती. तो माझ्याकडे आला. "सर, काय करू?" मी पाच मिनिटांत सांगितलं, "आधी नोकरी बघ. फुटबॉलचं काही खरं नाही." तो "बरं सर" म्हणाला आणि गेला.

ज्या क्लबची ती चाचणी होती तो पुढे बंद पडला. म्हणजे माझा सल्ला बरोबरच ठरला असं म्हणता येईल, आणि मी बरीच वर्षं तसं म्हणतही आलो.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो मला किलवणी नाक्यावर भेटला. आता सुपरवायझर आहे, दोन मुलं आहेत. रविवारी शिफ्ट नसली की पाड्यावरच्या पोरांना खेळायला शिकवतो. मी मोठ्या उत्साहानं त्याला फातोर्ड्याच्या सामन्याबद्दल विचारलं. त्यानंही पाहिला होता. मग मी म्हटलं, "तुला त्या वेळी नोकरी घ्यायला सांगितलं, राग नाही ना?" तो हसला. म्हणाला, "नाही सर, घर उभं राहिलं त्याच्यावर. पण सर, तुम्ही माझी मॅच कधी बघितलीच नाही ना."

खरं होतं. तीन वर्षं तो माझ्या वर्गात होता. कॉलेजचे सामने चालत होते आणि मी त्याच सुमारास घरी बसून स्पेनमधले सामने पाहत होतो. ज्याचा खेळ मी एकदाही पाहिला नाही त्याला त्या खेळात काही खरं नाही असं सांगून मोकळा झालो. नोकरी घे हे सांगण्यात चूक नव्हती. पण निदान पाहून सांगायला हवं होतं.

२०१८ च्या जूनमध्ये सुनील छेत्रीनं एक व्हिडिओ काढून लोकांना हात जोडले होते. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमवर या, असं त्याचं म्हणणं होतं. युरोपातल्या क्लबांच्या चाहत्यांनाही त्यानं मुद्दाम विनंती केली होती. त्याआधीच्या सामन्यात त्यानं तीन गोल मारले तेव्हा अंधेरीच्या मैदानात जेमतेम अडीच हजार माणसं होती. ते पाहून मी वापीहून गाडी पकडली, बोरिवलीला उतरून लोकलनं अंधेरी गाठली आणि ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना भर पावसात पाहिला. स्टेडियम भरलं होतं. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना, त्याचे दोन गोल, भारत ३-० नं जिंकला. मी चिंब भिजून रात्री उशिरा घरी आलो आणि सौ.चा ओरडा खाल्ला. त्यानंतर पुन्हा किती वेळा गेलो? एकदाही नाही.

आणि २०२५ च्या डिसेंबरात मेस्सी भारतात आला. लीग बंद, खेळाडू घरी, आणि कोलकात्यात नुसतं मेस्सीला बघण्यासाठी लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढली. पुढाऱ्यांच्या आणि बड्या मंडळींच्या गराड्यात तो धड दिसलाही नाही, लवकर निघून गेला, तेव्हा लोकांनी खुर्च्या मोडल्या. मेस्सीवर माझं प्रेम आहे, त्याच्यासारखा दुसरा होणे नाही. पण ज्या पैशात आपण त्याचा हात हलताना पाहिला, त्यात आपल्या एखाद्या क्लबचे कितीतरी सामने पाहून झाले असते. छेत्रीची विनंती सात वर्षांतच आपण विसरलो.

खेळाडूनं निष्ठा ठेवावी असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे, की प्रेक्षकानं काही ठेवायचं की नाही? क्लब बंद पडतात त्याला मालक जबाबदार, महासंघ जबाबदार, हे खरंच. पण रिकाम्या खुर्च्या पाहून जाहिरातदार पैसे देत नाही, हेही खरं. टीव्हीवरचा युरोप सोडा असं मी कोणाला सांगणार नाही. मीही सोडणार नाही. महिन्यातून एक संध्याकाळ गावच्या मैदानासाठी ठेवायला काय हरकत आहे?

परवा रविवारी मी मुलाला घेऊन त्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या पोरांचा सामना पाहायला गेलो. दगडांचे गोलपोस्ट, बांधावर पाच-सात माणसं. चिरंजीव आधी कुरकुरत होते. अर्ध्या तासानं एक पोरगा कमी पडला म्हणून त्यांनी यालाही आत ओढलं. घरी आलो तेव्हा सात नंबरची पिवळी जर्सी मातीनं तांबडी झाली होती. सौ.नं ती दोनदा धुतली, तरी डाग गेले नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा जायचं ठरलंय.